चार प्रतींतल्या मोकळ्या जागा

अण्णा,

तुम्हाला जाऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता कितीतरी मोठी आहे, तरी 'अण्णा' हा शब्द कागदावर उतरला आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसले. सवय जात नाही. हे घर तुम्हाला माहीत नाही. बेंगळूरच्याच जे. पी. नगरात तिसऱ्या मजल्यावर राहते. तुमच्या वेळी कोणी इकडे राहायला जातो म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, 'अय्यो, तिथे कोल्ह्यांशिवाय शेजार कोण?' सकाळची वेळ आहे, नाश्ता झालाय, आणि मला काही काम नाही. निवृत्त प्राध्यापकांना कामं नसतात, नुसती मतं असतात. आज मतं बाजूला ठेवून तुम्हाला लिहायला बसलेय, कारण एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही आणि जिवंत माणसाला ती सांगायचं धाडस मला होत नाही.

तुम्ही फारसी कसे शिकलात हे लोक मला विचारायचे तेव्हा मी विषय बदलायची. खरं तर किती छान गोष्ट होती ती. आजोबांचं चिक्कपेटेत शिवणकामाचं दुकान. एक मौलवीसाहेब दर वर्षी शेरवानी शिवून घ्यायला यायचे आणि माप देण्यापेक्षा गप्पाच जास्त मारायचे. तुम्ही दुकानात काजं करायला बसलेले, वय बारा-तेरा. त्यांनी एकदा एक ओळ म्हटली, तुम्ही ती न चुकता परत म्हणून दाखवलीत, आणि त्या दिवसापासून शेरवानी हे निमित्तच राहिलं. हातात सुई, समोर उघडं पुस्तक, असं तुम्ही शिकलात, परीक्षा दिल्यात आणि सरकारी हायस्कुलात फारसीचे मास्तर झालात. आपल्या जातीत केवढं नवल. मराठी बोलणाऱ्या शिंप्याच्या मुलाने कन्नड मुलखात मुसलमान पोरांना फारसी शिकवायची. आत्या म्हणायची, 'आमच्या अण्णाचं सगळंच उसवून शिवलेलं.' तुम्ही सगळ्यांत मोठ्याने हसायचात.

मला कळू लागलं तोवर, एकोणीसशे पन्नासच्या सुमाराला, तुमचा वर्ग रिकामा होत चालला होता. मुलं कन्नड घेत, हिंदी घेत, संस्कृत घेत. फारसी घेऊन पुढे करायचं काय, असं पालक तोंडावर विचारत. एका जूनमध्ये तुमच्याकडे चारच मुलं उरली. हेडमास्तरांनी तुम्हाला बोलावलं आणि ग्रंथालयाच्या किल्ल्या दिल्या. तुम्ही घरी येऊन कोट खुंटीला लावलात आणि आईला म्हणालात, 'आयतु, झालं. पुस्तकं तर आहेत ना तिथे.' त्याच आठवड्यात तुम्ही मला पाटी आणायला सांगितलंत. मी नऊ वर्षांची होते. आज वाटतं, शिकवल्यावाचून तुमचा जीव राहत नव्हता म्हणून मी तुमची पाचवी विद्यार्थिनी झाले. तेव्हा मला वाटलेलं की हा माझाच मान आहे.

स्वयंपाकघराच्या दाराशी चटई टाकून बसायचो आपण. तुम्ही वाक्य सांगायचात, मी लिहायची. एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. 'जो माणूस आला' हे फारसीत लिही म्हणालात. मराठीत आपण जो आणि तो अशी जोडी लावतो. फारसीत माणूस आधी येतो, त्याच्या मागे एक 'कि', आणि मग त्याची हकीकत. मी लिहिलं, 'मर्दे कि ऊ आमद.' म्हणजे माणूस, की तो आला. तुम्ही पाटी हातात घेतलीत, 'ऊ'वर बोट ठेवून ते पुसलंत आणि रागावलात. तुम्ही फारसे रागवत नसायचात, म्हणून लक्षात राहिलं. 'माणूस समोर उभा केलास ना? मग परत बोट दाखवून तो तो काय करतेस? असभ्य दिसतं.' मी रडवेली झाले. तुम्ही लगेच नरमलात. 'पण हे बघ. ज्याच्याशी मी बोललो तो माणूस. मर्दे कि बा ऊ गुफ्तगू कर्दम. इथे मात्र ऊ हवा. इथे त्याला काढलंस तर तो बा, आपला 'शी', कुणाचा हात धरणार?' आणि 'मर्दे'तलं शेवटचं अक्षर, तो ये, म्हणजे अनेकांतला एक, निवडून काढलेला. 'माझे वडील जे शिंपी होते' असं म्हणायचं असेल तर तो ये लावायचा नाही. 'बाप काय चारचौघांतून निवडायचा असतो गे?' आई आतून म्हणाली, 'निवडायला मिळाला असता तर मी तिला सांगितलं असतं.' तिघंही हसलो. इतक्या वर्षांनी तो हशा आठवून बरं वाटायला हवं, पण नाही वाटत.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी माझ्या बाजूने सांगते. एम.ए. झाले, संशोधनाला नाव घातलं. साठच्या दशकाच्या मधली वर्षं ती. आमचे मार्गदर्शक परदेशातून नुकतेच परत आले होते आणि त्यांनी नवं शास्त्र आणलं होतं. भाषा म्हणजे नियमांची यंत्रणा, वाक्य म्हणजे झाडासारख्या फांद्या, आणि प्रत्येक फांदीचं कारण चिन्हांत मांडायचं. मला ते इतकं आवडलं की भूक लागेनाशी झाली. सरांनी विचारलं, कुठल्या भाषेवर करणार? विभागातल्या बाकीच्यांनी कन्नड, तमिळ, तेलुगू म्हटलं. मी म्हटलं फारसी, आणि फारसीत हेच, माणूस आणि त्यामागची 'कि' लावून सांगितलेली हकीकत. सर खूश झाले. त्या दिवशी मल्लेश्वरमला बसमधून उतरून मी घरापर्यंत जवळजवळ पळत आले होते. तुम्ही ओसरीत होतात. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही चष्मा काढून पुसलात, मग पुन्हा पुसलात, आणि म्हणालात, 'ह्याच्यावर एवढं मोठं पुस्तक लिहिता येतं?'

आता आमच्या धंद्याची एक रीत. ज्या भाषेवर लिहायचं ती बोलणारा माणूस शोधायचा आणि त्याच्यापुढे वाक्यं ठेवून विचारायचं, हे चालतं का, हे चालतं का. त्याचं मन हीच कसोटी. मी कंटोन्मेंटमध्ये एका इराणी गृहस्थांना गाठलं. त्यांचे आजोबा घोडे घेऊन इथे आले आणि राहिले. घरात अजून फारसी बोलत. त्यांचं चहाचं हॉटेल होतं. मी तीन संध्याकाळी गेले. त्यांनी केक खायला घातला, माझी चौकशी केली, आणि मी कुठलंही वाक्य म्हटलं की म्हणत, 'हां बेटी, ये भी बोलते, वो भी बोलते. सब चलता.' मी मुद्दाम तोडूनमोडून वाक्य केलं, तेही चाललं. पाहुणीला नाही कसं म्हणायचं, हा त्यांचा स्वभाव. तिसऱ्या संध्याकाळी माझ्या वहीत नुसते होकार होते आणि होकारांचा मला काही उपयोग नव्हता.

मग तुम्ही. हिवाळा होता, अवरेकाळूचे, वालाच्या ओल्या दाण्यांचे दिवस. घराघरांत भिजवलेले दाणे चिमटीत दाबून साल उडवायचं काम चाललेलं असायचं. तुम्ही बाह्या सारून पाटावर, मधे परात, समोर आई, आणि मी बाजूला कार्डांचा गठ्ठा घेऊन. एकेक कार्ड वाचायची. तुम्ही दाणा दाबता दाबता थांबायचात. 'स्वल्प थांब गे. पुन्हा म्हण.' मी पुन्हा म्हणायची. तुम्ही डोळे मिटता, ओठ हलतात, आणि मग सांगता, 'चालतं. पण मौलवीसाहेबांपुढे म्हणालो नसतो.' किंवा नुसती मान हलवता. चुकीच्या वाक्याला मी कार्डावर तारा काढायची, ही आमच्या शास्त्राची खूण. तुम्हाला त्याचं भारी नवल. 'माझ्या वर्गात तारा शहाण्या पोराला मिळायचा. तुमच्यात चुकलेल्याला देतात?' आणि मुळात चुकीची वाक्यं मुद्दाम बनवायची हेच तुम्हाला पटत नव्हतं. 'तीस वर्षं मी ती पुसत आलो आणि तू ती गोळा करतेस.' पण करत राहिलात. रोज दोन दोन तास, तक्रार न करता, बोटं सुरकुतली तरी.

त्यातच एका सकाळी ते निघालं. वाक्यं लांब लांब करत होते मी. ज्या माणसाविषयी मला वाटलं की त्याच्या भावाने सांगितलं की तो आला नाही, असली. अशा वाक्यात 'ऊ' तुम्ही पुसेनात. मी म्हटलं, अण्णा, लहानपणी ह्याच 'ऊ'साठी रागावला होतात ना? दाणा तुमच्या चिमटीतच राहिला. आई म्हणाली, हात चालवा. मग तुम्ही म्हणालात, 'जवळ असतो तेव्हा पुन्हा दाखवणं असभ्य. पण माणूस वाक्यात फार लांब गेला की त्याच्या जागी काहीतरी ठेवावं लागतं, नाहीतर ऐकणारा त्याला विसरतो. नियम एकच नाही गे. अंतर बघ.' मी ते कार्डाच्या मागे लिहून घेतलं. तो माझ्या प्रबंधाचा चौथा अध्याय. चिन्हं माझी, आराखडे माझे, पण त्यातलं जे खरं होतं ते परातीपुढे बसून तुम्ही सांगितलेलं.

विभागात एकदा चहा चालला होता. परदेशी शिकून आलेले एक विद्वान पाहुणे होते. हिंदुस्थानात शाळाशाळांतून शिकवत ती फारसी कशी, यावरून त्यांनी गंमत सुरू केली. ती म्हणे कारकुनांची मेलेली भाषा. इराणात 'मर्दी' म्हणतात तिथे हे लोक अजून 'मर्दे' म्हणतात, शेकडो वर्षांपूर्वीचे उच्चार, कबरीतून उठून बोलल्यासारखे. सगळे हसले. मीही हसले. आणि मग, अण्णा, मी नक्कल केली. तुमची. तुम्ही 'स्वल्प थांब गे' म्हणून डोळे मिटायचात आणि मग लांब सूर लावून 'मर्दे' म्हणायचात, ते सगळं हुबेहूब करून दाखवलं. कुणाची नक्कल हे सांगितलं नाही. एक म्हातारे मास्तर माझ्या ओळखीचे आहेत, एवढंच म्हणाले. पाहुण्यांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? त्या टेबलाशी मी पहिल्यांदाच त्यांच्यातली झाले होते. घरी आले तर तुम्ही माझ्यासाठी आणखी अकरा वाक्यं स्वतःच लिहून ठेवली होती, वळणदार अक्षरात, 'ही विचारून बघ' असं वर लिहून. विचारायचं कुणाला होतं, तुम्हालाच. तरी तुम्ही तसं लिहिलंत.

प्रबंध टंकलिखित करून घेतला. आपल्या गल्लीच्या टोकाच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या बाईंनी चार प्रती काढल्या. फारसी अक्षरांचं यंत्र कुणाकडे असणार? म्हणून जिथे जिथे फारसी वाक्य, तिथे तिथे त्या मोकळी जागा सोडत, आणि नंतर ती शाईने हाताने भरायची. तेव्हा सगळेच असं करत. भरायचं काम तुम्ही मागून घेतलंत. माझं अक्षर तुम्हाला कधीच पसंत नव्हतं. बोरू त्या पातळ कागदावर शाई फोडत होता म्हणून तुम्ही तीन प्रकारची निबं आणून पाहिलीत. मग रोज सकाळी ओसरीत, ऊन सरकेल तसा पाट सरकवत, एकेक वाक्य चार वेळा. चुकीच्या वाक्यांनाही तितकंच सुंदर अक्षर. शेजारचे वकील डोकावून म्हणाले, 'मास्तर, लग्नपत्रिका का?' तुम्ही म्हणालात, 'त्याहून मोठं. मुलीचं पुस्तक.'

तिसऱ्या दिवशी तुम्ही प्रस्तावनेच्या त्या पानावर आलात, जिथे वाक्यं कुणाकडून मिळवली ते लिहायचं असतं. मी लिहिलं होतं की ही सर्व वाक्यं बेंगळूरच्या कंटोन्मेंटमधील, फारसी हीच मातृभाषा असलेल्या एका गृहस्थांकडून तपासून घेतली. पुढे त्यांचं नाव इंग्रजीत, आणि शेजारी मोकळी जागा, मूळ लिपीत नाव लिहिण्यासाठी. तुमचा उल्लेख पहिल्या पानावर होता, सगळे करतात तसा, आई-वडिलांच्या आशीर्वादाने. मी आत होते. निबाचा आवाज थांबलेला मला ऐकू आला. बाहेर जाण्याचा धीर झाला नाही. थोड्या वेळाने तुम्ही आत आलात, कोट घातलात, आणि म्हणालात, 'जरा कंटोन्मेंटला जाऊन येतो. मौलवीसाहेबांची शिस्त होती. ज्याचं नाव लिहायचं, त्याला ते कसं लिहितो हे विचारल्याशिवाय लिहायचं नाही.' मी म्हटलं, अण्णा, कशाला, सुम्ने, असंच लिहून टाका. तुम्ही चपला घातल्यात आणि निघालात.

ती दुपार मी कशी काढली ते सांगत नाही. तुम्ही चार वाजता आलात, हातात केकचा पुडा. 'भला माणूस,' म्हणालात. 'मी फारसीत बोललो. हसला नाही. म्हणाला, माझे आजोबा असं बोलायचे, त्यांच्यामागे हे कानावर पडलंच नव्हतं. मला सोडेचना.' तुम्ही पाणी प्यायलात. 'तुझं कौतुक करत होता. तीन वेळा आली होती म्हणाला, फार हुशार मुलगी.' तीन वेळा, हे तुम्ही जोर न देता म्हणालात. खिशातून चिठ्ठी काढलीत, तिच्यावर त्या गृहस्थांनी स्वतः लिहून दिलेलं त्यांचं नाव होतं. मग पाटावर बसलात, पान समोर ओढलंत आणि मला विचारलंत. आवाजात राग नव्हता, असता तर मी निभावून नेलं असतं. वर्गात एखादा नीट न कळलेला नियम पोराने विचारावा तसं विचारलंत. 'हे सगळं त्यांच्या नावावर का गे?'

मी म्हटलं, 'नियमच आहे अण्णा. जन्मापासून ज्याची भाषा असते त्याचंच धरतात. शिकलेल्या माणसाचं चालत नाही.'

'शिकलेल्या माणसाचं चालत नाही,' तुम्ही म्हणालात. मला नाही, स्वतःलाच ऐकवल्यासारखं. मग म्हणालात, 'नियम असेल तर सरी, ठीक,' आणि निब शाईत बुडवलंत. ते नाव तुम्ही चार वेळा लिहिलंत. मी नंतर चारही पानं उजेडात धरून पाहिली आहेत. एकाही अक्षरात हात कापलेला नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकांनी चौथा अध्याय उघडला आणि म्हणाले, तुमच्या ह्या गृहस्थांची जाण विलक्षण आहे, कुठलाही फारसी भाषिक इतकं बारीक सांगत नाही, एकदा भेटायला हवं. मी म्हटलं, ते फार कुणाला भेटत नाहीत. घरी आले तर आईने गोड केलं होतं. तुम्ही विचारलंत, 'काय काय विचारलं?' मी सगळं सांगितलं, हे सोडून. तुमच्या हयातीत मी तुम्हाला देऊ शकले असते अशी ती एकच गोष्ट होती, आणि ती फुकट होती. मी दिली नाही. दोन पावसाळे गेले आणि तुम्ही गेलात. शेवटच्या आजारात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही माझी प्रत उघडून दाखवायचात. लोक अक्षराचं कौतुक करत. तुम्ही म्हणायचात, 'अक्षर काय, आत काय लिहिलंय ते बघा.'

त्या प्रबंधावर माझी नोकरी झाली, मान झाला, सगळं झालं. आणि आता गेल्या आठवड्यात एका परगावच्या मुलीचा ई-मेल आला. ती जुन्या प्रबंधांवर काम करते. तिने विद्यापीठातली प्रत वाचली, पान अन् पान, आजकाल कुणी वाचत नाही तसं. तिने फार आदराने विचारलं होतं, मॅडम, हा माणूस इराणी वाटत नाही. ह्याचे उच्चार आणि ह्याची पसंती नापसंती आपल्याकडच्या जुन्या शाळेतली आहे, आणि ती फार दुर्मीळ आहे, तिची अशी नोंद दुसरीकडे कुठेच नाही. हे कोण होते? आणि ही वाक्यं हाताने लिहिणारेही तेच का? अण्णा, जो प्रश्न माझ्याबरोबर जाईल असं मी धरून चालले होते, तो तिने दोन ओळींत विचारला. मी खोलीत फेऱ्या मारल्या. मग वाटलं, सुटले. आता सांगून टाकायचं.

आणि मी सांगितलं. खरंच सांगितलं. ते माझे वडील, हायस्कुलात फारसी शिकवत, इराण कधी पाहिलं नाही, सगळं त्यांचं आहे, तुमचं नावही लिहिलं, पूर्ण. लिहिताना रडले. पण शेवटी एक ओळ घातली, बोटांनी आपोआप घातली, की त्या काळी वाक्यं तपासणारा जन्मानेच त्या भाषेचा असावा असा कडक नियम होता, त्यामुळे नाइलाजाने वडिलांचं नाव देता आलं नाही. तिचं लगेच उत्तर आलं. किती क्रूर नियम, मॅडम, तुम्हाला काय वाटलं असेल. ती ह्यावर लेख लिहिते आहे, त्या काळच्या नियमांनी कुणाकुणाची नावं गाळली त्याविषयी, आणि तुमची-माझी गोष्ट त्यात पहिली असणार आहे. तिला खरं कळवायला मी चार दिवस त्या उत्तरापुढे बसते आहे. एकदा अर्धं लिहून खोडलं. त्याऐवजी हे लिहितेय, कारण हे कुठे जाणार नाही.

असा नियम नव्हता, अण्णा. प्रस्तावनेचा पहिला मसुदा घेऊन गेले तेव्हा सरांनी विचारलं होतं, ही वाक्यं खरी कुणाची, आणि मी मान खाली घालून सांगितलं, माझ्या वडिलांची. ते म्हणाले, मग तसंच लिही, नाव घाल, कुठे शिकले तेही घाल, असा माणूस दुसऱ्या कुणाकडे नाही. मी त्यांना म्हटलं की तुम्हालाच, अण्णा, तुमचं नाव तिथे नको आहे.